परत जाणारा निवेदक : संस्थाबद्ध मुलांविषयीच्या लेखनाचा एक विचार

संस्थांमध्ये वाढणाऱ्या मुलांविषयी मराठीत जे लेखन झाले आहे, त्यातील बहुतेक लेखन त्या मुलांकडे जाणाऱ्या माणसांनी केलेले आहे. कोणी आठवड्यातून दोनदा गोष्टी सांगायला जातो, कोणी गणित शिकवायला, कोणी नुसताच सोबतीला बसायला. काही वर्षांनी त्याच्यापाशी सांगण्यासारखे पुष्कळ साठते आणि त्याचे पुस्तक होते. या पुस्तकांचे स्वागत आपल्याकडे जवळजवळ एकाच पद्धतीने होते. परीक्षणात 'तळमळ', 'संवेदनशीलता', 'अंतर्मुख करणारे' हे शब्द येतात, लेखकाच्या कार्याचा आदरपूर्वक उल्लेख होतो, आणि पुस्तक संहिता म्हणून वाचण्याचे काम तेवढे राहून जाते. ज्याने एवढे केले त्याच्या वाक्यरचनेकडे काय पाहावयाचे, असा एक संकोच त्यामागे असतो. संकोच सभ्यतेला शोभणारा आहे. परंतु या मुलांविषयी मध्यमवर्गीय वाचकाला जे कळते ते बव्हंशी याच पुस्तकांतून कळते, आणि म्हणून ती कशी सांगितली जातात हा केवळ शैलीचा प्रश्न उरत नाही.

प्रस्तुत लेखात या लेखनप्रकाराचे एकच अंग तपासावयाचे आहे. या पुस्तकांचा निवेदक संध्याकाळी फाटकाबाहेर पडून घरी जातो. ज्यांच्याविषयी तो लिहितो ती मुले आत राहतात. हा त्याच्या नीतिमत्तेवर ठपका नव्हे. कोणीतरी बाहेरून यावे आणि परत जावे हे स्वयंसेवेच्या व्याख्येतच आहे, आणि येणारे कोणी नसते तर त्या मुलांची अवस्था अधिकच वाईट झाली असती. प्रश्न निवेदनाचा आहे. निवेदकाचे हे परत जाणे संहितेत येते, की संहितेबाहेर ठेवले जाते? बाहेर ठेवले तर आत उरलेल्या मुलाचे चित्रण कशा प्रकारे बदलते? माझे म्हणणे असे की, या लेखनाची वाङ्मयीन गुणवत्ता मुख्यतः या ठिकाणी ठरते. लेखकाच्या कळवळ्याच्या प्रमाणावर ती ठरत नाही.

'सहानुभूती की स्वानुभव' हा वाद मराठी वाचकाला नवा नाही. दलित आत्मकथनांनी तो ऐरणीवर आणला, आणि बाहेरच्याने केलेल्या चित्रणाची मर्यादा तेव्हापासून आपल्या समीक्षेने तत्त्वतः मान्य केली आहे. परंतु तो वाद येथे जसाच्या तसा लावता येत नाही. संस्थेतील मूल लिहिण्याच्या वयाला येते तोवर ते कायद्यानेच संस्थेबाहेर गेलेले असते. आत असताना ते जे सांगते त्याला लेखनाचा दर्जा नसतो. तो जबाब ठरतो, तक्रार ठरते, नाहीतर थाप. इंदुमती जोंधळे यांच्या 'बिनपटाची चौकट'सारखी आत्मकथने मराठीत आहेत, पण ती थोडी आहेत आणि तीही प्रौढ स्मृतीची आहेत. म्हणजे या क्षेत्रात स्वानुभवसुद्धा एका प्रौढाच्या सहानुभूतीतूनच कागदावर येतो, मग ती सहानुभूती दुसऱ्याविषयीची असो की स्वतःच्या मागे पडलेल्या वयाविषयीची. 'ज्याचे त्याने लिहावे' एवढे म्हणून येथे सुटका नाही.

एका शीर्षकाचे उदाहरण घेऊ. रेणू गावस्कर यांनी मुंबईच्या डेव्हिड ससून औद्योगिक शाळेतील मुलांमध्ये बरीच वर्षे काम केले. त्या अनुभवांवरील त्यांच्या पुस्तकाचे नाव 'आमचा काय गुन्हा?' असे आहे. पुस्तक बाजूला ठेवून केवळ शीर्षकापुरतेच बोलायचे, तरी त्यातील सर्वनाम थांबवते. मराठीत 'आपला' आणि 'आमचा' असे दोन पर्याय आहेत, आणि 'आमचा' ऐकणाऱ्याला वगळतो. हे नाव वाचणारा वाचक वाचता वाचता आरोप करणाऱ्यांच्या बाजूला जाऊन उभा राहतो. बोलणारी मुले आहेत हे उघड आहे. परंतु मुखपृष्ठावर नाव लेखिकेचे आहे, आणि ती त्या 'आमचा'च्या आत आहे की बाहेर, हे शीर्षक ठरवू देत नाही. ती आत असेल तर तिने मुलांचे सर्वनाम उसने घेतले आहे. बाहेर असेल तर तिने केवळ अवतरणचिन्हे गाळली आहेत. ही संदिग्धता मला दोष वाटत नाही. या लेखनप्रकारातील मूळ अडचण तिच्यात उघडी राहते, आणि अनेक पुस्तकांत तेवढीही ती राहत नाही.

मुलाचा पहिला निवेदक मात्र स्वयंसेवक नव्हे. तो मान फाईलचा. मुंबईत मुलांसाठी सुधारशाळा डेव्हिड ससून यांच्या औदार्याने १८५७ मध्ये निघाली. १९२४ च्या मुंबई बालक अधिनियमानंतर १९२७ मध्ये चिल्ड्रन्स एड सोसायटी स्थापन झाली. पुढे कायदे बदलले, निरीक्षणगृह आणि बालगृह अशी वेगळी नावे आली, तरी 'रिमांड होम' हा शब्द मराठी बोलण्यातून गेला नाही. या दीर्घ इतिहासात ज्या एका वाङ्मयप्रकाराची सर्वांत अधिक निर्मिती झाली असेल तो म्हणजे मुलाची फाईल. अदमासे वय, कोठे सापडला, कोणी आणले, बापाचे व्यसन, आईचा ठावठिकाणा, वर्तणूक. तिची भाषा आपल्या ओळखीची आहे : सदर मुलगा अमुक ठिकाणी बेवारस स्थितीत आढळून आला, त्यास दाखल करण्यात आले, त्याच्याकडे चौकशी केली असता असे समजते. सारी क्रिया कर्मणी प्रयोगात. पाहणारा, आणणारा, विचारणारा यांपैकी कोणीही वाक्यात उरत नाही; उरतो तो फक्त 'सदर मुलगा'.

ही भाषा मुले फार लवकर ओळखतात. पोलिसाला एक हकीकत, परिवीक्षा अधिकाऱ्याला दुसरी, नव्याने आलेल्या ताईला तिसरी, असे ज्याला संस्थेत 'खोटे बोलण्याची सवय' म्हणतात, ते निवेदनशास्त्राच्या दृष्टीने श्रोतृसापेक्ष निवेदनाचे कौशल्य आहे. कोणत्या श्रोत्याच्या हाती काय देण्याची सत्ता आहे हे पाहून मूल कथा रचते. त्याच्यापाशी स्वतःची म्हणून दुसरी मालमत्ता नसते.

स्वयंसेवकाचे पुस्तक या फाईलच्या विरोधात उभे राहते, आणि तेच त्याचे खरे बळ आहे. फाईलमध्ये नसलेला विनोद त्यात असतो, मुलाचा हेका असतो, संवाद असतात, एखाद्याच्या चालीची लकब असते. तरीही कथानकाकडे पाहिले तर दोन्हींत विलक्षण साम्य दिसते. फाईल मुलाचे स्पष्टीकरण त्याच्या भूतकाळाने देते. पुस्तक ते निवेदकाच्या आगमनाने देते. मूल प्रथम बोलत नाही, दगड मारते, पळून जाते. मग हळूहळू जवळ येते. एके दिवशी हात धरते. येथे प्रकरण संपते. मुलाच्या आयुष्यातील बदल हा निवेदकाच्या प्रयत्नाचा पुरावा झालेला असतो. मंगळवार आणि शुक्रवार या दोन भेटींच्या मध्ये त्या मुलाचे काय चालले होते, हे अशा पुस्तकांत क्वचित येते. निवेदक आला की कथा सुरू होते आणि गेला की थांबते. जणू फाटक बंद झाल्यावर आतील दिवेही मालवतात. हात धरणाऱ्या मुलाने त्यापूर्वी आणखी किती जणांचे हात धरले होते आणि ते सारे कोठे गेले, हा प्रश्न कथेच्या सोयीचा नसतो.

येथे सैद्धान्तिक चर्चेतील दोन नावांचा विचार आवश्यक आहे. अर्व्हिंग गॉफमन यांनी १९६१ च्या आपल्या ग्रंथात 'सर्वंकष संस्था' ही संकल्पना मांडली. झोपणे, काम करणे आणि खेळणे या तिन्ही गोष्टी एकाच छपराखाली, एकाच सत्तेखाली, ठरलेल्या वेळापत्रकाने होतात अशी ती जागा. ज्या मनोरुग्णालयात त्यांनी निरीक्षण केले तेथे त्यांची अधिकृत भूमिका क्रीडाविभागाच्या साहाय्यकाची होती. म्हणजे आजचा स्वयंसेवक ज्या दाराने आत जातो त्याच दाराने सिद्धान्तही आत गेला. मिशेल फूको यांनी १९७५ मध्ये शिक्षेच्या इतिहासाचा शेवट करताना तुरुंग निवडला नाही. मेत्रे येथील मुलांची वसाहत निवडली, आणि तुरुंगव्यवस्था पूर्ण झाल्याचा क्षण म्हणून १८४० हे त्या वसाहतीचे उद्घाटनवर्ष सांगितले. कुटुंब, पलटण, कारखाना, शाळा आणि न्यायालय असे सर्व नमुने तेथे एकत्र आले होते. त्या प्रकरणात मुलांचा आवाज जवळजवळ नाही. एका मरणाऱ्या मुलाचा उद्गार तेवढा येतो : वसाहत इतक्या लवकर सोडावी लागते याची खंत. फूको तो उपरोधाने वापरतात, आणि उपरोध समजण्यासारखा आहे. पण तो उद्गार खरोखर त्या मुलाचा होता की वसाहतीच्या कौतुकासाठी कोणी लिहून ठेवला, हे विचारल्याशिवाय तो उपरोध पुरा होत नाही. सत्तेच्या कागदपत्रांतून सत्तेचे वाचन करताना मुलाचे तोंड पुन्हा तिच्याच हाती राहते.

त्याच मेत्रेमध्ये १९२६ मध्ये पंधरा वर्षांचा ज्याँ जने दाखल झाला आणि १९२९ पर्यंत राहिला. आईने सोडलेले, सरकारी मदतीवर परक्या घरी वाढलेले हे मूल. १९४६ च्या 'गुलाबाचा चमत्कार' या अर्थाच्या शीर्षकाच्या कादंबरीत त्याने मेत्रे लिहिले. वाचकाची अपेक्षा छळाच्या साक्षीची असते. जने त्या जागेविषयी एका हरवलेल्या राज्याच्या ओढीने लिहितो. दोन वर्षांनी नभोवाणीसाठी लिहिलेल्या 'गुन्हेगार मूल' या भाषणात, जे प्रसारित होऊ दिले गेले नाही, त्याने सुधारकांची दयाळू मदत चक्क नाकारली. सुधारगृहातील क्रौर्य हे मुलांनी स्वतः घडवलेले जग आहे, ते सौम्य करून आमच्यापासून काढून घेऊ नका, असा त्याचा पवित्रा आहे. हे म्हणणे धोरण म्हणून स्वीकारावे असे कोणी सुचवणार नाही. त्या भिंतींआड मेलेल्या मुलांना ते विचारता येत नाही. परंतु वाङ्मयीन पुरावा म्हणून ते टाळता येत नाही. आतला माणूस लिहू लागला की दयाळू वाचकाला हवे असते तेच तो लिहील, याची शाश्वती नाही. मुलाने आपली मदत नाकारण्याला ज्या पुस्तकात जागा नाही, त्या पुस्तकाला मुलाचा स्वीकारही सिद्ध करता येत नाही.

या दोन टोकांमध्ये, म्हणजे सर्व मदतीकडे शिस्तीचे रूप म्हणून पाहणारा सिद्धान्त आणि मदत झिडकारणारा आतला लेखक यांच्यामध्ये, यानुश कोर्चाक यांचे लेखन ठेवावे असे मला वाटते. मराठीत कोर्चाक यांचे नाव घेतले जाते ते बहुधा त्यांच्या मृत्यूमुळे. हेन्रिक गोल्डश्मिट हे त्यांचे खरे नाव; वॉर्सातील बालरोगतज्ज्ञ, लेखक, १९१२ पासून क्रोखमाल्ना रस्त्यावरील ज्यू अनाथालयाचे संचालक. ऑगस्ट १९४२ मध्ये सुमारे दोनशे मुलांबरोबर त्यांना ट्रेब्लिंकाला नेण्यात आले. स्वतःची सुटका करून घेण्याच्या संधी त्यांनी नाकारल्या होत्या. या शेवटामुळे त्यांचे सारे लेखन उलट दिशेने, मरणाकडून मागे, वाचले जाते आणि संतचरित्र होते. परत जाण्याचा प्रश्न ज्याने अखेरीस परत न जाऊन सोडवला, त्याच्या संहितेत आणखी काय शोधावयाचे, असा समज त्यामागे असावा. मला तो समज घातक वाटतो. कोर्चाक यांनी या प्रश्नाचा विचार केला तो त्याआधी कित्येक वर्षे, अगदी साध्या परिस्थितीत, आणि लेखनाच्या पातळीवर.

त्यांची सुरुवात परत जाणाऱ्याचीच होती. १९०४ पासून ते वॉर्साच्या गरीब वस्त्यांतील मुलांना उन्हाळ्यात काही आठवडे खेड्यात नेणाऱ्या वसाहतींवर देखरेखीसाठी जात. त्या अनुभवांवर १९१० आणि १९११ मध्ये त्यांची दोन पुस्तके निघाली, एक ज्यू मुलांविषयी आणि एक ख्रिस्ती पोलिश मुलांविषयी. दोन्हींच्या शीर्षकांत मुलांची घरगुती नावे अनेकवचनात येतात : मोश्की, योस्की आणि स्रूले, यूझ्की, याश्की आणि फ्रान्की. आपल्याकडे 'बंड्या, गोट्या आणि चिंग्या' म्हणावे तसे. नाव असूनही व्यक्ती नाही, एक वर्ग आहे. पुस्तके प्रसन्न आहेत. नवख्या देखरेख्याची फजिती त्यांत असलीच तर ती हसत सांगितलेली आहे.

पहिल्या महायुद्धात लष्करी डॉक्टर म्हणून आघाडीवर असताना त्यांनी 'मुलावर प्रेम कसे करावे' हा ग्रंथ लिहिला. त्यात याच उन्हाळ्यांकडे ते पुन्हा येतात, आणि येथे निवेदन पूर्णपणे बदलते. खेळ आणि गमतीचे सामान घेऊन मोठ्या उमेदीने गेलेला तरुण पहिल्या काही दिवसांतच हरतो. रात्री शयनगृहात अंधारात मुले शिट्ट्या वाजवतात, गोंधळ घालतात. तो ओरडतो, धमक्या देतो, एकाला पकडतो. मुलांनी त्याला नीट जोखले आहे आणि ती त्याची परीक्षा घेत आहेत, हे त्याला नंतर उमगते. पुढे रानात बसून तो मुलांशी बोलतो, तेव्हा मुलांना उद्देशून बोलणे आणि मुलांबरोबर बोलणे यांतील भेद त्याच्या ध्यानी येतो. तीच मुले, तीच शयनगृहे. परंतु पहिल्या पुस्तकात निवेदक मुलांकडे पाहत होता, आणि या पुस्तकात मुले निवेदकाकडे पाहत आहेत. पाहण्याची दिशा उलटल्याबरोबर अनेकवचनी मोश्की विरघळतात आणि एकेक मूल हेतू असलेली, निर्णय घेणारी व्यक्ती म्हणून दिसू लागते. नवख्याच्या अपयशाची ही नोंद विनम्रतेसाठी आलेली नाही. मुलांचे कर्तेपण दाखवण्याचा तोच एक मार्ग होता.

त्याच ग्रंथात अनाथालयातील मुलांच्या न्यायालयाची हकीकत आहे. न्यायाधीश मुलेच, संहितेतील बहुतेक कलमे क्षमेची, कठोर कलमे थोडी, आणि शेवटचे १००० वे कलम संस्थेतून काढण्याचे. या न्यायालयापुढे सहा महिन्यांत आपण पाच वेळा उभे राहिलो असे कोर्चाक नोंदवतात, आणि कारणेही देतात : एका मुलाच्या कानशिलात मारली, एकाला शयनगृहातून बाहेर काढले, एकाला कोपऱ्यात उभे केले, एका न्यायाधीशाचा अपमान केला, एका मुलीवर चोरीचा आळ घेतला. ही यादी मी अनेकदा वाचली आहे. संस्थेतील प्रौढाच्या सत्तेचे इतके नेमके, इतके अनलंकृत वर्णन मला दुसरीकडे आढळलेले नाही. तीत पश्चात्तापाचा सूर नाही, समर्थन नाही. फाईलची शैली आहे. फक्त 'सदर मुलगा' या जागी संचालक आहे, आणि क्रियापदे कर्तरी आहेत. फाईलच्या भाषेचा सर्वांत चांगला प्रतिवाद काव्यमय भाषेने होत नाही, तिचा कर्ता बदलल्याने होतो, हे येथे दिसते. हे न्यायालय निर्दोष होते असेही नाही. काही आठवडे ते बंद ठेवावे लागले, आणि ती हकीकतही त्याच पानांवर आहे.

त्याहूनही महत्त्वाची मला एक वही वाटते. अनाथालयात नव्याने आलेल्या मुलाला मोठ्या मुलांपैकी एक पालक दिला जाई. साडेनऊ वर्षांचा एक खोडकर मुलगा आणि त्याची बारा वर्षांची पालक यांच्या वहीतील काही भाग कोर्चाक यांनी ग्रंथात छापला आहे. मुलगा दिवसाचे लिहितो, मुलगी त्याखाली आपला अभिप्राय लिहिते, मुलगा पुन्हा लिहितो. येथे मदत करणारी स्वतः संस्थेतीलच आहे. ती संध्याकाळी कोठेही जात नाही. आणि जिला मदत म्हणावे ती क्रिया म्हणजे दोघांनी एका कागदावर लिहिणे. कोणाचे वाक्य कोठे संपते हे वाचकाला दिसते. 'आमचा' या सर्वनामापाशी आपण ज्या अडचणीत सापडलो होतो तिचे हे एक साधे, व्यावहारिक उत्तर आहे.

संस्थेत बाहेरून येणाऱ्यांसाठीही अशीच योजना होती. बुर्सा या नावाने तेथे तरुण विद्यार्थ्यांना राहण्या-जेवण्याच्या बदल्यात रोज काही तास मुलांमध्ये काम करावे लागे. त्यांनी आपली निरीक्षणे वहीत लिहावयाची, आणि स्तेफानिया विल्चिन्स्का यांनी, ज्यांनी प्रत्यक्षात ही संस्था कोर्चाक यांच्याइतकीच चालवली आणि ज्यांचे नाव नेहमी मागे पडते, ती वाचून समासात उत्तरे लिहावयाची, असा शिरस्ता होता. आपल्याकडील स्वयंसेवकाची वही अशा समासाशिवाय थेट प्रकाशकाकडे जाते. कोणी मध्येच 'हे तू मुलासाठी केलेस की वहीसाठी?' असे विचारलेले नसते. १९२६ च्या ऑक्टोबरात कोर्चाक यांनी एका दैनिकाची पुरवणी म्हणून मुलांनी लिहिलेले साप्ताहिक सुरू केले. ते १९३९ पर्यंत चालले. मुलांच्या मजकुराचे पैसे मुलांना मिळत. पैशाचा हा तपशील मला लहान वाटत नाही. मुलांच्या दुःखांवर आपल्याकडे जी पुस्तके खपली त्यांचे मानधन बहुधा संस्थेला देणगी म्हणून जाते. मजकुराचा मालक म्हणून मुलाला ते मिळाल्याचे ऐकिवात नाही.

कोणी म्हणेल, हा सारा व्यवहार संस्थेच्या संचालकाचा आहे. शनिवारी दोन तास जाणाऱ्याला याचे काय? आक्षेप रास्त आहे. कोर्चाक यांची सत्ता त्यांच्या प्रयोगांना आधार देत होती, आणि मुलांचे न्यायालयही अखेर त्यांनीच दिलेले होते. फूकोवादी वाचक म्हणेल की आरोपीच्या जागी उभे राहण्याची मुभा असणे हीच सत्तेची परिसीमा होय. साप्ताहिक वजन, उठण्याच्या वेळांच्या याद्या, भांडणांच्या नोंदी, हे सारे मेत्रेच्या वहीशी फारसे वेगळे नाही. मी हा आक्षेप खोडून काढू इच्छित नाही. एवढेच नोंदवतो की मेत्रेच्या वहीत मूल लिहीत नसे. नोंद कोण करतो, ती कोणाला वाचता येते आणि तिच्याखाली कोणाला उत्तर लिहिता येते, हे भेद जो सिद्धान्त पुसून टाकतो तो मुलांच्या काही उपयोगाचा नाही, आणि समीक्षेच्याही नाही.

आज मराठीत लिहिणाऱ्यापुढे आणखी एक अडचण आहे. २०१५ च्या बालन्याय अधिनियमाच्या ७४ व्या कलमानुसार अशा मुलांची ओळख उघड करण्यास बंदी आहे. ती योग्यच आहे. परिणामी पुस्तकाच्या आरंभी 'मुलांची नावे बदलली आहेत' अशी तळटीप येते आणि लेखक निश्चिंत होतो. पण नाव हे ओळखीचे एक चिन्ह झाले. मुलाची हकीकत हीच त्याची मोठी ओळख असते, आणि ती तर पूर्ण छापलेली असते. ते मूल पुढे पंचवीस वर्षांचे झाले आणि पुस्तक हाती आले तर पहिल्या परिच्छेदातच ते स्वतःला ओळखते. तळटीप त्याला जगापासून लपवते. त्याच्याच गोष्टीवर त्याचा काही शब्द चालावा अशी तरतूद तीत नाही. या लेखनाचा अभिप्रेत वाचक कोण, असे विचारल्यास लेखक 'समाज' असे उत्तर देतात. त्या समाजात ते मोठे झालेले मूल धरलेले असते का? धरले असते तर बऱ्याच पुस्तकांतील विशेषणे गळून पडली असती. 'केविलवाणा' हा शब्द आपण, जो ती ओळ वाचणार आहे अशा माणसाविषयी सहसा वापरत नाही.

शेवटी एका नाटकाचा उल्लेख करावयाचा आहे. १८ जुलै १९४२ रोजी, ट्रेब्लिंकाला नेण्यापूर्वी तीन आठवडेही नसतील, वॉर्साच्या घेट्टोतील त्या अनाथालयात मुलांनी रवींद्रनाथांचे 'डाकघर' केले. ते बसवले होते एस्तेर विनोग्रोनुव्ना या अनाथालयात मदत करणाऱ्या तरुणीने. या प्रयोगाविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे, आणि बहुधा ते मृत्यूच्या स्वीकाराविषयी आहे. मला नाटकाची दुसरी बाजू या संदर्भात अधिक बोलकी वाटते. अमल हा अनाथ मुलगा, माधवदत्ताने घरी आणलेला. वैद्याच्या आज्ञेने खोलीत कोंडलेला. त्याला उरली आहे ती एक खिडकी. दहीवाला, पहारेकरी, फुले वेचणारी सुधा, गल्लीतील मुले, असे एकेक जण खिडकीपाशी येतात, थांबतात आणि आपापल्या कामाला निघून जातात. नाटकाची सारी रचना येणाऱ्या-जाणाऱ्यांची आहे. प्रत्येकाला उशीर होत असतो आणि रवींद्रनाथ तो उशीर लपवत नाहीत. अमल दहीवाल्याकडे दही विकण्याची आरोळी शिकू पाहतो आणि जाताना दहीवाला म्हणतो ते असे की, आपल्याच धंद्यातील आनंद आपल्याला या मुलाने दाखवला. मुलांना तो आपली खेळणी देऊन टाकतो. अट एकच, खेळ त्याच्या खिडकीसमोर व्हावा. देणारा कोण आणि घेणारा कोण याचा हिशोब येथे सतत उलटत राहतो, तरीही खिडकीच्या आत कोण आणि बाहेर कोण याविषयी क्षणभरही संभ्रम होत नाही. सुधा परत येण्याचे वचन देऊन जाते. ती येते तेव्हा अमल झोपलेला असतो. ती फुले त्याच्या हाती ठेवू देण्याची परवानगी मागते आणि सुधा त्याला विसरलेली नाही एवढा निरोप त्याच्या कानात सांगण्याची विनंती राजवैद्याला करते. निरोप पोचवण्याची ही विनंती हे नाटकातील शेवटचे वाक्य आहे, आणि अमलने तो ऐकल्याचे रवींद्रनाथांनी दाखवलेले नाही.